आमची काही तक्रार नाही

सकाळी उठल्यावर पहिल्या प्रथम काय करावं याबद्दल आपल्याकडे मोठमोठ्या लोकांनी मार्गदर्शन करून ठेवलेलं आहे. कुणी तळहात बघायला सांगतात, कुणी जमिनीला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागायला सांगतात. माझं सकाळचं पहिलं वाक्य गेली चाळीस वर्षं ठरलेलं आहे. "पाणी गेलं वाटतं!" पाणी गेलेलं नसलं तर दुसरं वाक्य तयार असतं, "आज गढूळच येतंय." एखाद्या दिवशी पाणी असतं आणि स्वच्छही असतं. त्या दिवशी मी अंमळ अस्वस्थ होतो आणि वर्तमानपत्राकडे वळतो. तिथे सहसा निराशा होत नाही.

मी कर्जतचा. नोकरी मुंबईला, फोर्टात, आणि बिऱ्हाड कर्जतला. रोज शंभर किलोमीटर जायचं, शंभर किलोमीटर यायचं, अशी चौतीस वर्षं काढली. लोकलच्या त्या दोन तासांत माणूस एक तर भजनी होतो नाही तर कुरकुऱ्या होतो. माझा गळा भजनाला चालत नाही, एवढंच कारण. आता निवृत्त झालो, पण चौतीस वर्षांचा सराव घरी कसा ठेवून जाणार? तो ओटीवर येऊन बसला.

त्यातून कर्जत हे गाव कुरकुरीला फार पोषक. आमच्याकडे ऋतू तीन: उन्हाळा, पावसाळा आणि शनिवार-रविवार. उन्हाळ्यात "घाटाखाली राहणं म्हणजे पापच", पावसाळ्यात "कपडे वाळत नाहीत हो, आठ दिवस झाले", आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी धबधबे बघायला उतरली की "गावात माणसाला चालायला जागा नाही!" सोमवारी रस्ते मोकळे झाले आणि वाणी म्हणाला, "गिऱ्हाईकच नाही," तर त्यालाही मी तेवढ्याच जिव्हाळ्याने मान डोलावतो. विषयाचा मला आग्रह नाही.

माझ्या तोडीचा माणूस पंचक्रोशीत एकच, तो म्हणजे आमचे खोपोलीचे साडू. कर्जत-खोपोली गाडी मधली चार स्टेशनं घेत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी असं करीत, अर्ध्या तासात पोचते. पण साडू आले की ती गाडी दीड दिवसाचा विषय पुरवते. त्यांची बाजू ऐतिहासिक असते. "अहो, १९१५ सालापासून आमच्या खोपोलीची वीज मुंबईला जातेय. मुंबईच्या गिरण्या चालल्या त्या आमच्या जिवावर. आणि काल आमच्याकडे तीन तास अंधार!" मग मी कर्जत काढतो. मग ते खालापूरचा टोलनाका काढतात. अख्खं जग त्यांच्या डोळ्यांदेखत सत्तर-ऐंशीच्या वेगाने पुण्याला निघून जातं आणि त्यांना कोपऱ्यावरून दूध आणायला पाऊण तास लागतो. असे आम्ही दोघं आमनेसामने बसून एकमेकांच्या तालुक्यांवर मात करीत असतो आणि आत आमच्या सौभाग्यवती व मेहुणीबाई निमूटपणे भाजी निवडीत असतात. निमूटपणे हे माझं मत झालं. त्या काय बोलतात ते पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही.

तर या पार्श्वभूमीवर आमच्या न्यू जर्सीच्या मुलीने मला एक जांभळा रबरी पट्टा पाठवला. मला वाटलं, रक्तदाबाचा असेल. तर नाही. अमेरिकेत विल बोवेन नावाच्या एका पाद्रीबुवांनी २००६ साली ही युक्ती काढली. पट्टा मनगटात घालायचा आणि तक्रारीचा शब्द तोंडातून गेला की तो काढून दुसऱ्या मनगटात घालायचा. एकाच मनगटावर तो सलग एकवीस दिवस राहिला म्हणजे तुमची तक्रारीची सवय सुटली. मनातल्या मनात केलेली तक्रार धरत नाहीत, उच्चारलेलीच धरतात. ही सवलत बघून मला पाद्रीबुवा विवाहित असावेत असं वाटलं.

पहिल्या दिवशी सकाळी सातला पट्टा चढवला. "फार घट्ट आहे," मी म्हणालो. सौ. म्हणाली, "बदला." दुपारच्या जेवणापर्यंत तो सतरा वेळा इकडून तिकडे गेला. माझ्या मनगटांवरचे केस गेले. संध्याकाळी साडूंचा फोन आला तेव्हा तर एका हातात फोन असल्यामुळे पट्टा बदलताच येईना. शेवटी सौ.ने शेजारी स्टूल घेऊन ते काम केलं. चौथ्या दिवशी मी बोलणंच बंद केलं. घरात शांतता झाली. मुलीने अमेरिकेहून अभिनंदन केलं. मला मात्र पोटात वायू धरल्यासारखं होत होतं.

त्याच आठवड्यात आमच्या ज्येष्ठ मंडळींसाठी एक व्याख्यान झालं. विषय होता 'तक्रारमुक्त जीवन'. वक्ते बाहेरगावचे होते, गाडीने आले होते आणि गाडी गारेगार होती. ते म्हणाले, तक्रार हे मनाचं विष आहे. जे आहे त्यात आनंद माना. "तुमच्या इथल्या आदिवासी बांधवांकडे बघा! अंगावर पुरतं वस्त्र नाही, वाडीवर रस्ता नाही, पण चेहऱ्यावर हसू! त्यांची काही तक्रार आहे का?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दोन्ही हात मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी भाजीवाली ठाकरीण मावशी आली. पावसाळ्याच्या तोंडाला ती शेवळं आणते, पुढे करटुली, टाकळा, कुर्डू. व्याख्यानाचा अंमल ताजा होता, म्हणून मी तिला विचारलं, "काय मावशी, तुमची काही तक्रार नाही ना?" ती टोपली उतरवता उतरवता थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हाय की. पन तुमाला सांगून काय व्हनार, दादा? तुमी काय सायेब हायेत?"

हे वाक्य मी त्या वेळी शेवळ्यांबरोबर पिशवीत टाकलं आणि विसरलो. ते मला पुन्हा आठवावं लागलं ते आमच्या गुरुजींमुळे.

आमच्या आळीच्या तोंडाशी एक गटार आहे आणि त्यावर एक फरशी होती. दोन पावसाळ्यांपूर्वी एका ट्रकने ती फोडली. तेव्हापासून तिथे हातभर रुंद, कंबरभर खोल भगदाड होतं. माझ्या आयुष्यात इतका उत्तम विषय मला क्वचितच मिळाला असेल. पोस्टमन, गॅसवाला, लग्नाची आमंत्रणं घेऊन येणारे, मीटर बघायला येणारा, कुणालाही मी त्या भगदाडाबद्दल सांगितल्याशिवाय जाऊ दिलं नाही. "एखाद दिवशी कुणाचा तरी पाय जाणार बघा!" हे माझं त्यातलं शेवटचं, ठेवणीतलं वाक्य. आणि माझा सगळ्यात जुना, सगळ्यात सोशिक श्रोता म्हणजे शेजारच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी. रोज संध्याकाळी ते ओटीवर येत. ऐकत. "खरंय," म्हणत. चहा पिऊन जात.

पट्ट्याच्या दहाव्या दिवशी मी पट्टा काढून ठेवला, कारण गुरुजी आले होते आणि दहा दिवसांचं साठलं होतं. भगदाडापासूनच सुरुवात केली. साडेसातला वीज गेली, गुरुजी उठले आणि पाच मिनिटांनी आळीच्या तोंडाशी ओरडा झाला. खुब्याचं हाड मोडलं. वय एक्क्याऐंशी.

दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी उभा होतो तेव्हा ते मलाच समजावीत होते. "तुमची काही चूक नाही हो. तुम्ही दोन वर्षं कंठशोष करून सांगत होतात. मीच विसरलो."

तिथून मी तडक एका कार्यालयात गेलो. कुठल्या, ते विचारू नका. टेबल सगळीकडे सारखंच असतं. मी तावातावाने म्हणालो, "दोन वर्षं आम्ही ओरडतोय!" कारकून भला माणूस होता. त्याने विचारलं, "कुठे?" मी म्हणालो, "कुठे म्हणजे?" "कुठे ओरडलात? अर्जाचा आवक क्रमांक असेल ना." त्याने नोंदवही काढली, बोट फिरवीत दोन वर्षं मागे गेला. आमच्या आळीचा एकही अर्ज नव्हता. आळीत आम्ही चाळीस घरं आहोत. पदवीधर किती असतील देव जाणे. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणारे दोन आहेत. दोघांचंही म्हणणं पडलं की आधीच कुणी तरी तक्रार केली असेल, सगळे बोलत तर होते!

मी तिथल्या तिथे उभ्याने अर्ज लिहिला. चार ओळी. नवव्या दिवशी फरशी बसली. ती महिन्याभराने बसली असती, दहा हेलपाटे पडले असते, तर मला बरं वाटलं असतं. निदान व्यवस्थेला शिव्या देता आल्या असत्या. पण नऊ दिवस! दोन वर्षांच्या माझ्या सगळ्या वक्तृत्वाची किंमत कुणी तरी एक कागद आणि नऊ दिवस अशी मोजून माझ्या हातावर ठेवली.

तेव्हापासून मला त्या पाद्रीबुवांचाही राग येतो आणि व्याख्यात्यांचा तर फारच. ही मंडळी दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. कुरकुर वेगळी, तक्रार वेगळी. ज्याच्या हातात काही नाही त्याच्याजवळ करतात ती कुरकुर. तिला पत्ता नसतो, तारीख नसते, खाली सही नसते. तक्रारीला हे सगळं लागतं आणि वर पोच लागते. आमची मध्यमवर्गीय माणसांची सवय तक्रार करण्याची नाहीच मुळी. तक्रार करायला आम्ही घाबरतो. एस.टी.च्या स्टँडवर वर्षानुवर्षं पाटी वाचली, तक्रार पुस्तक मागितल्यास मिळेल. मागणारा मी तरी अजून पाहिलेला नाही. मागितलं तर कंट्रोलर आपल्याकडे बघेल, नाव विचारील, "उद्या याच गाडीने यायचंय ना?" म्हणेल, ही धास्ती. त्यापेक्षा शेजारच्या सीटवरच्याला सांगावं. तोही आपल्याला सांगतो. गाडी सुटेपर्यंत दोघांचीही मनं हलकी होतात, आणि मन हलकं झालं की कागद काढायची निकड उरत नाही. कुरकुरीचं खरं पाप हे आहे. काही तरी केल्याचं समाधान ती फुकटात देते. दोन वर्षं मी त्या भगदाडासाठी झटतो आहे असं मला मनापासून वाटत होतं हो!

आता सोशिकपणाचं कौतुक करणाऱ्यांना मी बोरघाट दाखवीन. कर्जतला गाडीला मागून इंजिनं लावतात, ती घाट चढते, आपण वडा खाता खाता बोगदे मोजतो. हा घाट खणणाऱ्या हजारो मजुरांचे पैसे ठेकेदाराकडे थकले तेव्हा त्यांनी जे आहे त्यात आनंद मानला नाही. १८५९ च्या जानेवारीत घाटात मोठी दंगल झाली. ती चांगली झाली असं मी म्हणणार नाही, त्यात एक गोरा माणूस जिवानिशी गेला. पण पुढच्याच वर्षी, १८६० साली, अशा कामांवरचे मालक-मजुरांचे तंटे लवकर मिटवण्यासाठी सरकारला कायदा करावा लागला. कायदा मजुरांच्या बाजूचा होता अशातला भाग नाही, पण त्यांचं भांडण कागदावर आलं. ते कुरकुरत राहिले असते तर कुणाच्या कानावर गेलं असतं? खंडाळ्याच्या धुक्याच्या?

आणि बंगालमधले ते ओखिलचंद्र सेन! हे गृहस्थ माझे दैवत आहेत. फणस जास्त झाला म्हणून बिचारे एका स्टेशनवर लोटा घेऊन उतरले, गार्डाने शिट्टी मारली आणि हे एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत फलाटावर पडले. शेकडो लोकांसमोर. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? जन्मात कुणाला सांगितलं नसतं. या माणसाने १९०९ साली रेल्वेच्या साहेबाला चक्क पत्र लिहिलं. मोडक्या इंग्रजीत, पण सहीनिशी, आणि गार्डाला दंड करा म्हणून. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपलेलं आहे. रेल्वेच्या डब्यात संडास आले ते या पत्रामुळे असं सांगतात. शंभर टक्के तसंच झालं की नाही यावर जाणकारांनी वाद घालावा. मी मात्र गाडीत आत जाऊन कडी लावताना सेनबाबूंना मनातल्या मनात नमस्कार करतो.

लांब कशाला, आपल्याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत काढली, पुढच्या वर्षी मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत निघाली. महागाईबद्दल तेव्हा घरोघर कुरकुर चालू होतीच. या लोकांनी ती एकत्र बांधली, तिला वजन आणि माप दिलं. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. आमच्या कर्जत तालुक्यात भाई कोतवालांनी सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या. पुढे १९४३ च्या २ जानेवारीला सिद्धगडावर त्यांना गोळी लागली हे आम्ही शाळेत पाठ करतो. धान्यकोठ्यांचं मात्र आमच्या ओटीवर कधी निघत नाही. त्यात कुरकुरण्यासारखं काही नाही ना!

हे सगळं मी व्याख्यात्यांना सांगायचं ठरवून ठेवलं आहे. आणखीही एक गोष्ट सांगायची आहे, पण ती मला अजून नीट सांगता येत नाही.

खालापूर तालुक्यात, चौकजवळ, इरशाळगडाच्या कुशीत इरशाळवाडी होती. ठाकरांची वाडी. वर जायला गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती. गडावर जाणारे हौशी लोक त्या वाडीतून जात. तिथे भाकरी खात, घोटभर पाणी पीत आणि खाली येऊन सांगत, किती समाधानी माणसं हो, काही तक्रार नाही! मीसुद्धा हे कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि पुढे कुणाला तरी सांगितलं होतं. २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री डोंगर वाडीवर आला. मदतीला निघालेल्या माणसांनाही पावसात, चिखलात ती वाट पायीच चढावी लागली. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं मिळाली नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. दरडींचा धोका असलेल्या गावांची सरकारी यादी असते. वाडी त्या यादीत नव्हती.

अर्ज केला असता तर डोंगर थांबला असता, असला वेडगळपणा मी म्हणणार नाही. डोंगराला आवक क्रमांक कळत नाही. पण त्या माणसांची काही तक्रार नव्हती हे कुणी ठरवलं? त्यांनी कुणाला सांगितलं, कुणी ऐकलं, कुणी लिहून घेतलं, हे आपल्यापैकी कुणी विचारलं होतं? ज्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचत नाही त्याला आपण समाधानी म्हणून टाकतो. फार सोयीचं असतं ते. आणि त्या आठवड्यात आमच्या ओटीवर काय झालं ते सांगतो. आठ दिवस आम्ही सरकारला, हवामान खात्याला, झाडं तोडणाऱ्यांना सोडलं नाही. नवव्या दिवशी कांद्याच्या भावावर आलो.

मावशीला परवा मी पुन्हा विचारलं. या वेळी वही घेऊन विचारलं. तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग टोपलीवर फडकं टाकून बसली. वाडीवरच्या पऱ्ह्यावर साकव नाही, पावसाळ्यात पोरांच्या शाळेचे दोन महिने बुडतात. तिने सांगितलं, मी लिहिलं, वाडीतल्या एकोणीस जणांचे अंगठे आणि सह्या तिने आणल्या. पोच मिळाली आहे. साकव अजून मिळालेला नाही. दर पंधरा दिवसांनी मी स्मरणपत्र घेऊन जातो. कारकून मला बघून आता खुर्ची पुढे करतो, आणि ती खुर्ची जरा डुगडुगते, पण ते असो.

गुरुजी काठी घेऊन का होईना, ओटीवर येऊ लागले आहेत. साडूंना मी एक पोस्टकार्डांचा गठ्ठा भेट दिला. त्यांना तो अपमान वाटला. दोन आठवडे आले नाहीत. मग एक दिवस फोन आला, आवाजात विलक्षण उत्साह. त्यांनी आयुष्यातला पहिला अर्ज केला होता, रस्त्यावरच्या दिव्यासाठी, आणि कार्यालयातल्या माणसाने तो उलटा धरून वाचला म्हणून तासभर माझ्याजवळ कुरकुर केली. मी ऐकून घेतली. इतक्या वर्षांचं नातं आहे.

जांभळा पट्टा मी स्मरणपत्रांच्या गठ्ठ्याला लावला आहे. चांगला ताणतो. काल दुपारी चहा आला, एक घोट घेतला आणि सवयीने तोंडातून गेलं, "गारच आहे."

सौ. काही बोलली नाही. आत गेली, एक कोरा कागद आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं, आणि म्हणाली, "दोन प्रती करा. एकीवर पोच देते."